डाव्या बाजूचा कापूस

"सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल, त्यापुढं फार आशा ठेवू नका." डोक्याला मोठा मार लागलेलं माणूस घरी नेताना हे वाक्य पुष्कळांना ऐकवलं जातं. आम्हालाही ऐकवलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, तिकडं दिग्रस-नेरकडं, अशी माणसं बाजेवर पडलेली मला माहीत आहेत. सहा महिने उलटले की त्यांच्या घरच्यांनी व्यायाम थांबवलेला मी पाहिला आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या यजमानांना 2018 च्या हिवाळ्यात अपघात झाला. त्यांचे पाय पहिल्या वर्षात आले हे खरं. पण ज्या गोष्टींमुळं आज आमच्या घराला घरपण आहे, त्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी आल्या.

अपघाताबद्दल फार लिहीत नाही. वावरातल्या पंपाची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी देऊन हे गाडीवर परत येत होते आणि नाल्याजवळ रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. मागून येणाऱ्या एका शेतकऱ्यानं यांना पाहिलं आणि 108 ला फोन केला, म्हणून हे आज आहेत. तालुक्याहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. मेंदूच्या उजव्या बाजूला आवरणाखाली रक्त साकळलं होतं आणि मेंदू सुजत चालला होता. कवटी हाडाची, ती काही ताणत नाही, त्यामुळं सूज आली की आतल्या आत मेंदूच दाबला जातो. म्हणून डॉक्टरांनी उजवीकडचं कवटीचं हाड काढलं आणि यांच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून दिलं. सासूबाईंना ही गोष्ट किती तरी दिवस खरी वाटत नव्हती. काही महिन्यांनी तेच हाड परत बसवलं. तोवर डोक्याची ती बाजू खोलगट दिसायची, आणि उठवताना-बसवताना तिथं कुणाचा हात लागू नये म्हणून माझा जीव वरखाली व्हायचा.

फाइलवर एक आकडा होता, जीसीएस 6, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलवर 6. मी अंगणवाडी सेविका आहे, तक्ते भरण्यातच माझी वर्षं गेली, त्यामुळं तो आकडा काय आहे ते मी सिस्टरला विचारून घेतलं. डोळे उघडण्याचे जास्तीत जास्त 4 गुण, बोलण्याचे 5, हातपाय हलवण्याचे 6, मिळून 15. काहीच प्रतिसाद नसला तरी 3 मिळतात. 8 किंवा त्याखाली असलं तर मार गंभीर. 1974 मध्ये ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, म्हणून तिच्या नावात ग्लासगो आहे. बेशुद्ध माणूस आज कालच्यापेक्षा वर आला की खाली गेला, हे सगळ्या डॉक्टर-नर्सना एका भाषेत कळावं यासाठी ती आहे. पुढं हा माणूस पोरीला ओळखेल का, वावरात जाईल का, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. आमच्या नात्यातल्या लोकांनी मात्र तो आकडा परीक्षेच्या मार्कासारखा धरला आणि रडारड केली.

लोकांना वाटतं, डोळे उघडले की माणूस शुद्धीवर आला. तसं होत नाही. यांचे डोळे उघडले तेव्हा नजर कुठंच टेकत नव्हती. मग बोट दाबल्यावर हात ओढून घेणं आलं, मग थोरलीचा आवाज आला की मान वळवणं. बोलायला लागले तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला, आणि काय बोलतात ते ऐकल्यावर पोटात गोळा आला. हे स्वतःला मूर्तिजापूरच्या स्टेशनवर समजायचे. लहानपणी यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीनं मामाकडं जायचे, ते सगळं जसंच्या तसं आठवत होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी नाही. "गाडी सुटते वो, पोरं आण लवकर," असं मला म्हणायचे. हा गोंधळाचा काळ बहुतेक गंभीर मारानंतर येतो, आणि तो जितका लांबतो तितका मार खोल समजतात. जुनं आधी परत येतं आणि नवं मागाहून साठायला लागतं. तेव्हा भांडायचं नाही, एवढं मला एका सिस्टरनं सांगितलं होतं. मी म्हणायची, "आपण नागपूरले आहोत जी. आज मंगळवार आहे. पोरं घरी आहेत." रोज तेच, त्याच शब्दांत.

घरी आणलं तेव्हा गळ्यातली नळी निघाली होती, नाकातली होती. डावा हात आणि डावा पाय हलत नव्हता. त्या महिन्यांचं सगळं सांगायचं तर पानं पुरणार नाहीत. पण जे लागलं ते लिहिते, कारण डिस्चार्जच्या वेळी आम्हाला ते कुणी नीट समजावलं नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. हवेची गादी आणली होती, पण लाईन गेली की तिचा पंप बंद. मग सासूबाईंनी घरच्याच कापसाच्या लहान लहान उशा शिवल्या. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, टाचेच्या वर पोटरीखाली एक, म्हणजे टाच अधांतरी राहते आणि तिथं जखम होत नाही. डावा खांदा सगळ्यात जपायचा. लुळ्या हाताचा सगळा भार खांद्यावर येतो, स्नायूंत जोर नसल्यानं सांधा खाली उतरतो, आणि भेटायला आलेला माणूस प्रेमानं तोच हात धरून उठवायला बघतो. मी बाजेच्या वरच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, डावा हात ओढू नये.

आणि गिळणं. नाकातली नळी काढल्यावर लोक आधी पाणी पाजायला धावतात. पाणी पातळ, ते घशात पटकन उतरतं, आणि ज्याचं गिळणं ढिलं झालं आहे त्याच्या श्वासनळीत जाऊ शकतं. ठसका लागेलच असंही नाही, गुपचूप फुप्फुसात जातं आणि मग न्यूमोनिया होतो. दाट पदार्थ सावकाश जातो, सांभाळता येतो. सासूबाईंची ज्वारीची आंबील तिथं कामी आली. ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली करून, लहान चमच्यानं, आधीचा घास उतरल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. फिजिओथेरपीच्या सरांनी ती आंबील पाहिली आणि म्हणाले, बाजारातून आणायच्या पावडरीपेक्षा ही बरी आहे, हीच द्या. सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

2019 चा पोळा आला तोवर हे काठी धरून दारात उभे राहत होते. बैल दारावर आले तेव्हा यांनी उजव्या हातानं त्यांना कुंकू लावलं. गाव म्हणालं, बरा झाला. पाहुणे येणं कमी झालं, मदतीला येणारे दीर आपल्या कामाला लागले. आणि खरा आजार तिथून पुढं सुरू झाला.

हे बसून राहायचे. सकाळी ओसरीत बसवलं तर दुपारी तिथंच. ब्रश हातात दिला तर ब्रश हातात धरूनच. भूक लागली का विचारलं तर हो म्हणायचे, पण ताट समोर असूनही हात जायचा नाही. हा तोच माणूस, जो पहाटे चारला वखर घेऊन वावरात असायचा. गावात बोलणं सुरू झालं. आळशी झाला, बायकोच्या मानधनावर बसून खातो. एका जवळच्या नातेवाइकानं बाहेरचं काही लागलं म्हणून एका जाणत्याकडं न्यायचा आग्रह धरला. सासूबाईंच्या मनाला बरं वाटावं म्हणून आम्ही एकदा गेलोही, गोळ्या चालू ठेवून.

नागपूरला दाखवायला नेलं तेव्हा तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बराच वेळ दिला. त्यांनी जे समजावलं ते मला आजवर पुरलं आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग काम सुरू करायचं ठरवतो, मध्येच थांबवायचं ठरवतो, रागाला आवर घालतो. तिथं मार बसला की माणसाला काय करायचं ते माहीत असतं, हातात ताकद असते, इच्छाही असते, फक्त सुरुवात होत नाही. आळशी माणूस काम टाळतो आणि आपल्याला हवं ते करायला उठतो. हे तर स्वतःच्या आवडीच्या गोष्टीसाठीही उठत नव्हते. टीव्हीवर क्रिकेट लागलं तरी रिमोटकडं हात जायचा नाही. बाई म्हणाल्या, आतली चावी बिघडली असेल तर बाहेरून चावी द्यायची. "अंघोळ करा" हे मोठं काम झालं. त्याऐवजी हातात तांब्या द्यायचा. एकदा पहिला तांब्या अंगावर पडला की पुढचं बरचसं आपोआप चालतं, कारण रोजच्या सवयीची कामं मेंदूत वेगळ्या जागी जपलेली असतात.

तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक कामाची पहिली पायरी कुणी तरी करून देतं. धाकटा तेव्हा चौथीत होता. तो बाबांच्या पुढ्यात चप्पल आणून ठेवायचा आणि आपण फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. हे उठून त्याच्या मागं चालायला लागायचे.

डाव्या बाजूची गोष्ट लक्षात यायला मात्र वेळ लागला. ताटात उजवीकडची भाकर संपायची आणि डावीकडची भाजी तशीच. दाढी उजव्या गालाची. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा. मला वाटलं, नजर अधू झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे चांगले आहेत. आणि यांना विचारावं तर, "काही नाही झालं मले." ताट दाखवलं तर म्हणायचे, भाजी आवडली नाही. वांग्याची भाजी आणि यांना आवडली नाही, असं आमच्या लग्नानंतर एकदाही झालं नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कापसाची पहिली वेचणी निघाली. मजूर मिळत नव्हते. मी अंगणवाडीतून आले की दुपारी वेचायला जायची आणि यांना सोबत न्यायची, घरी एकटं ठेवण्यापेक्षा बरं म्हणून. सरांनी सांगितलंच होतं की बोंडातून कापूस ओढून घेणं हा बोटांचा फार चांगला व्यायाम आहे. पाची बोटं एकत्र आणायची, देठाचं काटेरी टोक चुकवायचं, एका झटक्यात पूर्ण कापूस घ्यायचा. कमरेला ओटी बांधून दिली. पहिलं बोंड मी वेचून दाखवलं, आणि हे लागले की कामाला. हळूहळू, पण थांबले नाहीत.

कपाशीच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधून चालत दोन्हीकडच्या झाडांचा कापूस वेचत जायचं, अशी आमची पद्धत. धुऱ्यापर्यंत जाऊन मी मागं वळून पाहिलं. उजवीकडचं तास साफ झालेलं. डावीकडचं पांढरंशुभ्र, एका बोंडाला हात नाही. मी काही बोलले नाही. "चला आता परत," म्हणत यांना त्याच वाटेनं माघारी वळवलं. आता मघाचं डावीकडचं तास उजवीकडं आलं, आणि हे ते तास वेचायला लागले. ज्या झाडांकडं जाताना ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्याच झाडांचं एकेक बोंड निवांत वेचत चालले होते. मी वावरात उभी राहून रडले. मला कळलं होतं की यांची नजर शाबूत आहे, आवड शाबूत आहे, माणूस शाबूत आहे. यांच्यासाठी जगाची डावी बाजूच उरली नव्हती.

पुढच्या भेटीत बाईंना हे सांगितलं. त्यांनी यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं. बारापासून सहापर्यंतचे आकडे उजवीकडं नीट आले, आणि सातपासूनचे तिथंच कोंबलेले. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की पुष्कळांना असं होतं, असं त्या म्हणाल्या. डोळा चित्र पाठवतो, पण लक्ष त्या बाजूला वळत नाही. आणि "मले काही झालंच नाही" हा हट्ट नसून त्याच माराचा भाग आहे. स्वतःत काय उणं झालं ते ओळखणाराच भाग दुखावलेला असतो.

उपाय साधा निघाला, वेळखाऊ निघाला. डावीकडं ठळक खूण ठेवायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवत राहायची सवय लावायची. मी जुन्या लाल पातळाच्या चिंध्या फाडल्या. ताटाच्या डाव्या कडेला एक, दाराच्या डाव्या चौकटीला एक, वावरात डावीकडच्या तासाला थोड्या थोड्या अंतरावर एकेक. "लाल कुठं आहे जी?" एवढंच विचारायचं. लाल सापडलं की तिथून उजवीकडं पाहत यायचं. आम्ही पेपर वाचायचो तेव्हा डाव्या समासात लाल रेघ. गप्पा मारायला मुलांना मुद्दाम डावीकडं बसवायचं. डाव्या हातासाठी रोज तुरीच्या शेंगा सोलणं, हिवाळा सरला की भुईमुगाच्या फल्ल्या फोडणं. उजवा हात तेवढा वेळ दुपट्ट्यानं अंगाला बांधलेला. चांगला हात मोकळा असला की तो सगळं काम ओढून घेतो आणि दुबळा हात तसाच राहतो. डाव्या मनगटात थोडी तरी हालचाल आली असेल तरच हे करायचं, नाहीतर माणूस नुसता वैतागतो.

2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि सरांचं येणं थांबलं. फोनवर व्हिडिओ लावून ते दाखवायचे, मी करून घ्यायची. रेंज मिळावी म्हणून बाज अंगणात कडुनिंबाखाली आणली होती. त्याच उन्हाळ्यात पहिली फीट आली. अपघातानंतर लगेच दिलेल्या फीटच्या गोळ्या डॉक्टरांनी पुढं बंद केल्या होत्या, आणि दीड वर्षानं हे. नंतर कळलं की पहिल्या आठवड्यात येणारी फीट वेगळी आणि महिन्यांनी, वर्षांनी येणारी वेगळी. मेंदूवरचा व्रण भरून निघाला तरी तिथून ठिणगी पडू शकते. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, एकानं दातांत चमचा घालायला घेतला. मी तो हिसकावून घेतला. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, एका कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं आणि घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. तेव्हापासून लेव्हेटिरासिटॅम ही फीटची गोळी चालू आहे. एक पत्ता नेहमी जास्तीचा घरात ठेवते, कारण तालुक्याच्या दुकानात कधी कधी मिळत नाही आणि ही गोळी अचानक बंद झाली तर फीट उसळून येते. आणि विहीर. आमच्या वावरातल्या विहिरीला कठडा नव्हता. कापसाचे पैसे आल्यावर आधी कठडा बांधला, बाकी उधारी नंतर.

त्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एकदा मला फिनिआस गेज नावाच्या माणसाची हकीकत सांगितली. अमेरिकेत 1848 मध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि तीन फुटांवर लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला. पण त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की तो पहिला गेज राहिला नाही, उद्धट झाला, धरसोड करायला लागला, आणि मालकांनी त्याला मुकादमाच्या जागेवर परत घेतलं नाही. मेंदूच्या पुस्तकांत बहुतेकदा गोष्ट इथंच संपवतात. पुढचं मला जास्त मोलाचं वाटलं. गेज दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तिथं काही वर्षं त्यानं घोडागाडी हाकली. घोड्यांना दाणापाणी, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता. काही अभ्यासकांना वाटतं की या रोजच्या शिस्तीनंच त्याचं वागणं बरंच सावरलं असावं. 1860 मध्ये तो फीट येऊन वारला.

मी घरी आले आणि गोठ्याकडं पाहिलं. औषधपाण्यासाठी बैलजोडी विकायची बोलणी चालली होती. मी नाही म्हटलं. दीर चिडले, पण सासूबाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. जी सुरुवात यांच्या आतून होत नव्हती ती बैलांनी करून दिली. पहाटे बैल दाव्याला ओढ देत हंबरतो, तेव्हा उठावंच लागतं. चारा टाकला की पाणी पाजायचं, पाणी पाजलं की शेण काढायचं, प्रत्येक काम पुढच्या कामाकडं नेतं आणि कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. सुरुवातीला धाकटा सोबत असायचा. मग बंडी जुंपणं आलं. उजवीकडचा बैल नीट जुंपला जायचा, डावीकडचा राहायचा, तेव्हा त्याच्या शिंगाला लाल गोंडा बांधला. वावराची वाट बैलांना पाठ आहे, आणि यांनाही. अजूनही बंडीवर सोबत कुणी तरी असतंच, फीटमुळं. पण कासरा यांच्या हातात असतो.

चौथ्या वर्षी एक दिवस ताटावर बसले असताना यांनी स्वतः मान वळवली, डावीकडं भाजी पाहिली आणि थांबले. मला विचारलं, "मी असा कवापासून आहो वो?" तोवर कितीदा सांगून झालं होतं, पण त्या दिवशी यांना ते आतून कळलं. मला वाटलं होतं, हा दिवस आला की आपण जिंकलो. त्यानंतरचे महिने अपघाताच्या महिन्यांइतकेच कठीण गेले. आपल्याला काय झालं हे कळणं म्हणजे काय गेलं तेही कळणं. पोरीच्या शाळेच्या फीचं कुणी पाहिलं, पीककर्ज कुणी फेडलं, आई म्हातारी झाली ती कधी, हे सगळं एकदम यांच्या अंगावर आलं. जेवण तुटलं. रात्री उठून अंगणात बसायचे. एकदा म्हणाले, "मले कशाले वाचवलं?" मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडं नेलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी असं बोललं तर ते हलकं घ्यायचं नसतं, हे आम्हाला फार जवळून माहीत आहे. फवारणीची औषधं मी शेजाऱ्यांच्या घरी कुलपात नेऊन ठेवली. उदासीवरची गोळी सुरू झाली आणि पंधरवड्यानं बोलायलाही नेत राहिलो. शुद्ध परत येते तसं दुःखही मागून येऊ शकतं, हे घरच्यांना आधी सांगितलेलं असावं. नाहीतर सुधारणा होत असताना माणूस खचतोय असं पाहून घरचेच हातपाय गाळतात.

थकव्याबद्दल लोकांना सांगून समजत नाही. यांना वखरणी एवढी थकवत नाही जेवढी लग्नातली पंगत थकवते. वाजंत्री, लाऊडस्पीकर, चार जणांचं एकदम बोलणं, यातून एक आवाज वेगळा काढायला मेंदूला फार जोर लावावा लागतो. मग चिडतात, ताट सारून देतात. आता लग्नाला गेलो की अक्षता पडल्या, जेवण झालं, की निघतो. राग यायच्या आधी कान लाल होतात हे थोरलीनं हेरलं आहे. ती रागाचा विषय न काढता, "बाबा, बैलाले पाणी दाखवून येऊ," म्हणून घेऊन जाते.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही फार चकरा झाल्या. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण मेंदूच्या माराचा असा वेगळा प्रकार नाही. त्यातून काय उणं राहिलं, हातपाय, बोलणं की बुद्धी-मन, त्याप्रमाणं तपासतात. पहिल्यांदा यांना चालताना पाहून हाता-पायाचं थोडं लिहून पाठवलं. सवलतींसाठी 40 टक्के लागतात, ते भरले नाहीत. मी नागपूरच्या बाईंचा सविस्तर अहवाल जोडून पुन्हा अर्ज केला, आणि यांनी काढलेलं घड्याळही जोडलं. तेव्हा दाखला मिळाला. चालणारा माणूस पाहून परत पाठवणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्याला पाच मिनिटं एखादं काम सांगून पाहा.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातली एक माउली माझ्याकडं आली. मुलगा चोवीस वर्षांचा, गाडीवरून पडला, गळ्यात नळी घेऊन घरी आला आहे. तिलाही सहा महिन्यांचं वाक्य सांगितलेलं. मी रविवारी त्यांच्याकडं गेले. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात, ते वाया घालवायचे नाहीत, हे खरंच आहे, तेही तिला सांगितलं. मग कापसाच्या उशा कशा लावायच्या ते दाखवलं, खांदा दाखवला, आंबील किती दाट हवी ते चमचा उलटा करून दाखवलं. फाइल, सीटी स्कॅन, गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घालून खुंटीला लावली. पुढच्या तपासणीला काय विचारायचं ते तिच्या पुतण्याकडून वहीत लिहून घेतलं: गळ्यातली नळी कधी काढणार, गिळण्याची तपासणी कोण करणार, फीटची गोळी किती दिवस, फिजिओथेरपी कुठं मिळेल, आणि वागण्यात बदल झाला तर कुणाला दाखवायचं. शेवटचा प्रश्न तिला कळला नाही. म्हणाली, पोरगं तर अजून डोळेही नीट उघडत नाही, वागण्याचं काय विचारता? मी म्हटलं, लिहून ठेवा, लागेल.

हे सोबत आले होते. मी आत होते तेव्हा हे त्या मुलाच्या बाजेजवळ, डाव्या अंगाला बसले होते, आणि त्याला या वर्षीच्या तुरीचं सांगत होते. पुढच्या रविवारी आम्ही दोघंही परत जाणार आहोत. त्या घरी बैल नाहीत, पण शेळ्या आहेत.